सामान्यरूप

पाटी अठरा बाय सहा, पांढऱ्यावर निळा.
सावद्याला केळी पिकवायच्या थंड खोल्या बांधल्या,
त्यांची यंत्रं बसवायला जर्मनीहून बाई आली.
आडनाव तिने कागदावर लिहून दिलं:
कोह्लर म्हणावं असं काही, ओच्या डोक्यावर दोन टिंबं.
पहिल्याच अक्षराला ब्रश अडला.

को लिहिलं, ती म्हणाली नाही.
के लिहिलं, नाही.
कॉ, कॅ, क्यो. टर्पेंटाइनचा बोळा निळा झाला.
मग तिने शिकवलं:
ओठ ‘ओ’चे ठेवा आणि आतून ‘ए’ म्हणा.
आठ दिवस आरशासमोर चंबू करून
मी बायकोच्या हसण्याचं निमित्त झालो.

मधला ह म्हणायचा नाही,
तो नुसता आधीचा स्वर ताणून धरतो,
पतंगामागे चक्री धरून उभ्या पोरासारखा.
शेवटचा र लिहायचा,
पण जिभेने त्याला शिवायचं नाही.
म्हटलं, बाई, मी मजुरी अक्षरावर घेतो,
मुक्या अक्षरांचे पैसे कसे लावू?

गावाने हा घोळ एका दमात मिटवला.
भानुदास कोल्हे ओट्यावरून म्हणाले,
‘कोल्हेच हाये ते. आपल्यातलीच.’
पोस्टमननेही तिची दोन पत्रं त्यांच्याकडे टाकली.

कोल्हे म्हणजे काय, तिने विचारलं.
एक कोल्हा, अनेक कोल्हे.
मग भानुदास किती आहेत?
एकच. पण आडनाव अनेकवचनी.
आणि त्यांच्या घरी जायचं तर कोल्ह्यांच्या घरी,
ल्हमध्ये य शिरतो, डोक्यावर टिंब येतं.
प्रत्यय लागण्याआधी शब्द वाकतो,
बुटक्या दारातून आत जाताना
आपण वाकतो तसा.

आमचं वाकत नाही, ती म्हणाली.
घराच्या आधी नुसता स जोडायचा.
फक्त पणजीच्या पणजीला
चर्चच्या वहीत शेवटी ‘इन’ लावलंय, बाई म्हणून.
कोल्हीण, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.
आता कुणी लावत नाही ते, ती म्हणाली.

अर्थ तिने पाटी वाळताना सांगितला.
कोळसा पाडणारा.
लाकडाची रास मातीने लिंपून
रात्र रात्र जागणारा,
जाळ होऊ न देता जाळत राहणारा.

कोळसा, मी म्हटलं.
तिला ळ जमेना. कोलसा, कोरसा.
नीट ऐका, म्हणून मी सावकाश म्हणालो
आणि माझंच मला ऐकू आलं:
कोयसा.
आमच्या केयीच्या मुलखात ळ असतो तो पाटीवर.
चाळीस वर्षं मी तो रंगवतोय,
मुक्या अक्षराचे पैसे घेऊन.

पुढच्या रविवारी पालच्या रस्त्याला
बांधाकडेच्या बाभळीची भट्टी धुमसत होती.
तिने गाडी थांबवायला लावली.
गुलशेर तडवी फावड्याने भेगा बुजवत होता.
यांचं आडनाव?
तडवी.
तसं नाही, या कामाचं.
गुलशेर हसला. कामाचं कसलं आडनाव, बाई,
उन्हाळ्यात दोन महिने हे,
बाकी घड वाहतो.

ती बराच वेळ धुराच्या बाजूलाच उभी राहिली.
परतताना बोटं काळी होती.
मी चिंधी पुढे केली, तिने घेतली नाही.

पाटीवर शेवटी मी को काढला
आणि मात्रेच्या वर दोन टिंबं दिली, शेजारी शेजारी.
शाळेची पोरं दोन अनुस्वार समजून
नाकातून दोनदा वाचत पळायची.

आता त्या खोलीत बऱ्हाटे मुनीम राहतात.
नवी पाटी कशाला, म्हणाले, हीच उलटी करा.
केली.
दोन टिंबं भिंतीकडे तोंड करून आहेत.